डबल सिक्युरिटी, तरी ढालीवर लाल फुली

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नोकरीतून निवृत्त झालेल्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरी सात वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर आहे. वडिलांच्या हस्ताक्षरातल्या जुन्या वह्या त्या त्यावर टाइप करून ठेवताहेत. बारा वर्षांचे घरचे फोटोही त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नाही. कॉम्प्युटरसोबत आलेल्या अँटिव्हायरसची मुदत कधीच संपली. तीन महिन्यांपूर्वी भाच्याने दुसरा, फुकटचा अँटिव्हायरस टाकून दिला आणि "आता काळजी नको मावशी, डबल सिक्युरिटी" असं सांगून तो गेला. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात. कोपऱ्यातल्या ढालीवर लाल फुली दिसते. अपडेट अर्ध्यावर अडकतं. दिवसातून चार-पाच वेळा स्क्रीनच्या कोपऱ्यात निरोप येतो की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. गेल्या आठवड्यात आठ पानं टाइप करून सेव्ह करायला गेल्या तर 'फाइल सापडत नाही' असं आलं आणि पानं गेली. भाचा म्हणतो, सरळ फॉरमॅट मारू, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू. लांब राहणारा मुलगा फोनवर म्हणतो, सगळे अँटिव्हायरस काढून टाक, तुझ्या कॉम्प्युटरवर चोरण्यासारखं आहे तरी काय? "दोघांचं ऐकून मी जास्तच घाबरले आहे," असं त्या लिहितात. "मीच एखादं चुकीचं बटण दाबलं असेल का? आणि ऐकू कोणाचं?"

ताई,

आधी त्या आठ पानांचं बघू. बाकी सगळं दोन दिवस थांबेल, ते थांबणार नाही. तुम्ही वर्डमध्ये टाइप करत असाल तर वर्ड उघडून 'फाइल'वर जा, तिथे 'इन्फो', मग 'मॅनेज डॉक्युमेंट' आणि त्यात 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स'. सेव्ह न होता बंद झालेल्या फाइलींच्या प्रती वर्ड काही दिवस तिथे राखून ठेवतं. आठवडा उलटला आहे, त्यामुळे खात्री देत नाही, पण बघितल्याशिवाय आशा सोडू नका. आणि तोवर 'कॉम्प्युटर साफ करून वेगवान करतो' म्हणणारा कुठलाही क्लीनर प्रोग्राम चालवू नका. असे प्रोग्राम तात्पुरत्या फाइलींवरच आधी हात मारतात.

तुम्ही चुकीचं बटण दाबलेलं नाही. सेव्ह दाबलंत, ते बरोबरच होतं. अडवलं बहुधा अँटिव्हायरसने. हल्लीच्या बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये रॅन्समवेअरपासून संरक्षण नावाची सोय असते. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणारा प्रोग्राम. त्याला रोखण्यासाठी अँटिव्हायरस 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' अशा फोल्डरांवर पहारा बसवतो आणि ओळखीच्या प्रोग्रामांनाच तिथे लिहू देतो. तुमचा लेखनाचा प्रोग्राम त्याच्या यादीत नसेल तर तोही दारातच अडतो. हे 'मी अडवलं' असं अँटिव्हायरसने सांगायला हवं, पण पुष्कळदा ती सूचना दिसतच नाही आणि बिचारा लेखनाचा प्रोग्राम स्वतःला सुचेल ते कारण सांगतो: फाइल सापडत नाही, परवानगी नाही, डिस्कवर लिहिता येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, म्हणजे डिफेंडरमध्येही, ही सोय २०१७ पासून आहे. तिचं नाव 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' आणि ती मुळात बंदच असते. कोणी हौसेने चालू केली असेल तर असाच घोटाळा होतो. उपाय सोपा आहे. अँटिव्हायरसच्या इतिहासात, म्हणजे 'हिस्टरी' किंवा 'लॉग'मध्ये, त्या दिवसाची नोंद शोधा आणि तुमचा प्रोग्राम परवानगीच्या यादीत घाला. त्यासाठी पूर्ण संरक्षण बंद करायची गरज नाही.

आता फोटो आणि वह्या. खाली मी जे काही सांगणार आहे, त्यातलं एकही पाऊल उचलण्याआधी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडून फोटो, टाइप केलेली पानं आणि बाकीची कागदपत्रं तिच्यावर कॉपी करा. प्रोग्राम कॉपी करू नका, फक्त तुमच्या फाइली. कॉपी झाल्यावर चार-दोन फोटो त्या डिस्कवरूनच उघडून बघा, मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. ती जोडलेलीच राहिली तर कॉम्प्युटरवर आलेलं संकट तिच्यावरही येतं. तुमच्या पत्रातली मला खरोखर धास्ती वाटली ती लाल फुलीची नाही, 'दुसरीकडे कुठेही प्रत नाही' या वाक्याची. डिस्क एके दिवशी कुठल्याही व्हायरसशिवायही बंद पडते.

कोपऱ्यातल्या त्या निरोपाबद्दल. 'पाच व्हायरस' हा निरोप तुमच्या दोनपैकी कुठल्याच अँटिव्हायरसचा नसावा असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं, आणि त्याचं कारण तो फोन नंबर. खऱ्या सुरक्षेच्या सूचनेत फोन करायला सांगितलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टने तर हे स्वतःच स्पष्ट केलं आहे की त्यांच्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. हे असं होतं: कुठलीतरी वेबसाइट उघडताना 'सूचना पाठवू का?' असं विचारलं जातं, आपण घाईत 'अलाऊ' म्हणतो. त्यानंतर ती वेबसाइट बंद असली तरी ब्राउझरच्या मार्फत ती स्क्रीनच्या कोपऱ्यात हवं ते लिहू शकते. तिथे ढालीचं चित्र काढायला कोण अडवणार? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' शोधा, परवानगी दिलेल्या वेबसाइटींची यादी उघडा आणि ओळखीची नसलेली प्रत्येक काढून टाका. खरं तर या यादीतलं एकही नाव ठेवलं नाही तरी तुमचं काही अडणार नाही.

कधी पूर्ण स्क्रीनच व्यापून, भोंगा वाजवत असा निरोप आला तर तो ब्राउझरचंच एक पान असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, 'एंड टास्क' करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'मागची पानं परत उघडू का?' याला नाही म्हणा. आणि कोणी त्या नंबरवर आधीच फोन केला असेल, समोरच्याला कॉम्प्युटर दुरून हाताळू दिला असेल, तर मात्र वेळ घालवू नका. इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, बँकेला कळवा. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. हे लोक दिवसभर हेच काम करतात आणि समोरच्याला घाबरवण्यात ते तरबेज असतात.

आता मूळ प्रश्न, 'डबल सिक्युरिटी'चा. दाराला दोन कुलपं लावली की घर जास्त सुरक्षित, हा भाच्याचा हिशोब समजण्यासारखा आहे. पण अँटिव्हायरसचं काम कुलपासारखं नाही. प्रत्येक फाइल उघडताना तो मध्ये हात घालून ती थांबवतो, आतून तपासतो आणि मग सोडतो. हे तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून करतो. आता असे दोन बसले, की पहिल्याने तपासण्यासाठी फाइल उघडली हीसुद्धा दुसऱ्याच्या दृष्टीने एक फाइल उघडण्याचीच घटना, म्हणून तो ती तपासायला धावतो. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज हजारो फाइली उघडतं. प्रत्येकीवर ही ओढाताण, त्यात डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असली तर पंधरा मिनिटं लागण्यात नवल नाही. शिवाय एकाने अडकवून ठेवलेली संशयित फाइल दुसऱ्याला व्हायरस वाटते, एकाची फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा तपासणारी चौकी, दुसऱ्याचं अपडेट अडवते. विंडोजमधला डिफेंडर तर दुसरा अँटिव्हायरस आल्याचं कळताच आपण होऊन बाजूला होतो. दोघांनी एकाच वेळी पहारा करू नये हे बनवणाऱ्यांनीच धरलेलं आहे.

मुदत संपलेल्या पहिल्या अँटिव्हायरसबद्दलही एक गैरसमज मी नेहमी बघते. मुदत संपली म्हणजे तो निजला, असं लोकांना वाटतं. तो निजत नाही. रोज कॉम्प्युटरसोबत उठतो, मेमरी खातो, पुष्कळदा फाइली अडवून तपासतोही. फक्त नव्या व्हायरसांची माहिती त्याला मिळणं बंद झालेलं असतं. म्हणजे भार पूर्ण, उपयोग जुन्या काळापुरता. वर तो 'संरक्षणासाठी मीच आहे' अशी विंडोजकडे नोंद करून बसलेला असला की लाल फुली दिसत राहते. ही नोंद तुम्हाला बघताही येते. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून ते उघडा, खाली डावीकडे 'सेटिंग्ज', त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. तिथे अँटिव्हायरस म्हणून कोणाकोणाची नावं आहेत आणि कोण चालू, कोण बंद, हे एका नजरेत कळेल. ते पान मोबाइलवर टिपून ठेवा.

तर माझं मत असं की दोन्ही काढावेत आणि डिफेंडर राहू द्यावा. तो विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच येतो, त्याला वेगळी मुदत नाही आणि घरच्या कामाला तो पुरतो. ज्यांना विकतचाच हवा आहे त्यांनी तो खुशाल ठेवावा, पण एकच, आणि मुदत वेळेवर वाढवून. मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा, कारण तो गेला की निदान डिफेंडर जागा होतो.

काढताना घाई नको. आधी ज्या कंपनीचा अँटिव्हायरस आहे तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून तिचं 'रिमूव्हल टूल', म्हणजे तो मुळासकट काढणारा छोटा प्रोग्राम, उतरवून घ्या. शोधताना वर जाहिरात म्हणून दिसणाऱ्या दुव्यांवर जाऊ नका, तिथे नकली डाउनलोड असतात. मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून मुदत संपलेला अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून परत चालू करणं इथे चालत नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते, त्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो, आदल्या दिवशीच्या अडचणींसकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. पहिला गेला, रीस्टार्ट झाला, मग दुसरा, मग पुन्हा रीस्टार्ट. एका वेळी एकच बदल केला तर कशाने फरक पडला ते कळतं.

अनइन्स्टॉल अर्ध्यात अडकलं, किंवा काढूनही 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये नाव दिसतच राहिलं, तर ते रिमूव्हल टूल कामी येतं. पुष्कळदा ते सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू केलेल्या विंडोजमध्ये, चालवायला सांगतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडलं की 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' असा रस्ता आहे. पण तिकडे जाण्याआधी एक बघा. काही कॉम्प्युटरवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद केलेली असते आणि अशा वेळी सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. आधी शोधून कागदावर लिहून घ्या. ही की सापडत नाही म्हणून स्वतःच्याच फोटोंपुढे हतबल होऊन बसलेल्या लोकांची पत्रं मला आली आहेत.

दोन्ही गेल्यावर डिफेंडर सहसा आपोआप चालू होतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये ढाल हिरवी झाली का बघा, मग 'प्रोटेक्शन अपडेट्स'मधून ताजी माहिती घेऊ द्या. अपडेट तेव्हाही अडलं तर आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघा. हसू नका, हे कारण फार वेळा सापडतं. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सात वर्षांत तो संपू शकतो आणि मग घड्याळ मागे जातं. सुरक्षित वेबसाइटींच्या प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरची तारीखच चुकली की त्याला सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात आणि तो अपडेट घेत नाही. घड्याळ बरोबर असेल तर सी ड्राइव्हवर जागा उरली आहे का ते पाहा.

अपडेट झालं की 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'ऑफलाइन स्कॅन' करा. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या गोष्टींना लपायला जागा उरत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. स्कॅनने काही दाखवलं तर लगेच 'डिलीट' करू नका, 'क्वारंटाइन' निवडा. क्वारंटाइन म्हणजे फाइल वेगळ्या खोलीत बंद, हवी असल्यास परत आणता येते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसने एक फाइल धोकादायक ठरवली, मी घाबरून डिलीट दाबलं, आणि मग कळलं की ती माझीच जुनी हिशोबाची फाइल होती, आतल्या मॅक्रोमुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञांमुळे, संशयित ठरलेली. चार वर्षांच्या नोंदी होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत.

संशयित ठरलेली फाइल खरंच वाईट आहे का, हे विचारायला 'व्हायरसटोटल' ही सेवा आहे. २००४ मध्ये सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडे आहे. तिथे एक फाइल टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसांचं मत एकदम दिसतं. बहुतेक सगळ्यांनी वाईट म्हटलं तर विषय संपला; एखाद-दोघांनीच म्हटलं तर खोटा इशारा असण्याची शक्यता बरीच. मात्र तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोहोचते, म्हणून घरगुती कागदपत्रं, ओळखपत्रं, वडिलांच्या वह्यांची पानं असलं काही तिथे टाकू नका.

अँटिव्हायरसची चूक होते हे ऐकून धीर सुटू देऊ नका, पण ती होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. दोन्ही वेळा व्हायरस नव्हताच. सुरक्षेचा प्रोग्राम गाभ्यात बसतो म्हणूनच त्याचा बिघाड कॉम्प्युटरचा बिघाड वाटतो. कॉम्प्युटर मंदावला की व्हायरसच असणार, हे आपण सगळे धरून चालतो. ताई, तुमच्या पत्रातल्या एकाही लक्षणासाठी व्हायरस लागत नाही. तो नाहीच असं मी इथे बसून म्हणणार नाही, त्यासाठीच ऑफलाइन स्कॅन सांगितलं. पण भीतीने पाऊल उचलण्याइतका पुरावा समोर नाही.

आता मुलाचं म्हणणं. दोन्ही अँटिव्हायरस काढ, हे त्याचं बरोबर निघालं, कारण मात्र बरोबर नाही. चोरण्यासारखं काही नाही असं कोणाच्याच कॉम्प्युटरबद्दल म्हणता येत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, उघडं राहिलेलं ईमेल, आणि ज्याच्या हाती ईमेल त्याला बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून मागता येतात. चोराला तुमच्या वडिलांच्या वह्या नको आहेत हे खरं. पण रॅन्समवेअरवाल्याला त्या स्वतःसाठी नकोच असतात. त्या तुम्हाला हव्या आहेत, एवढं त्याला पुरतं. डिफेंडरही बंद करून ठेवा असं मुलगा म्हणत असेल तर ते ऐकू नका.

भाच्याचं फॉरमॅटही कधीकधी योग्य असतं. अनोळखी माणसाने दुरून कॉम्प्युटर हाताळला असेल, क्वारंटाइन केलेली तीच गोष्ट दर रीस्टार्टनंतर परत येत असेल, किंवा फाइलींची नावंच बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील, तर विंडोज नव्याने टाकणं हाच सरळ रस्ता. आणखी एक लक्षण इतर वाचकांसाठी सांगते. घरचा कॉम्प्युटर आहे, ऑफिसने दिलेला नाही, आणि तरी डिफेंडरच्या पानावर 'ही सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो' असं येतं, बटणं दाबली जात नाहीत. कोणीतरी, किंवा कुठल्यातरी प्रोग्रामने, संरक्षण मुद्दाम बंद केलेलं असतं. फुकटात विंडोज किंवा महागडा प्रोग्राम चालू करून देणारी चोरटी साधनं 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणतात, तिथून हे पुष्कळदा येतं. तिथे मीही फॉरमॅटच सांगेन. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही. फॉरमॅट शेवटी ठेवा.

सगळं करून, ढाल हिरवी होऊनही कॉम्प्युटर रेंगाळत असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघा, सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकलं आहे. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव वर दिसलं तर तो डिफेंडरच, स्कॅन करतोय. पहिल्या दिवशी त्याला वेळ द्या. डिस्कच सतत शंभरवर असेल आणि ती फिरत्या तबकडीची असेल, तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवण्याएवढा फरक दुसऱ्या कशानेच पडणार नाही.

सात वर्षांच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० असण्याची शक्यता आहे. स्टार्टमध्ये 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाइप केलात की कळेल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरला व्हायरसांची ताजी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, त्यामुळे ढाल हिरवीच दिसेल. पण विंडोजमध्ये नव्याने सापडणाऱ्या फटी बुजवणं त्यात येत नाही. त्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटांची वेगळी नोंदणी करावी लागते, किंवा कॉम्प्युटरला झेपत असेल तर विंडोज ११ वर जावं लागतं. हे आजच्या आज नको. पण या वर्षात ठरवा.

भाच्यावर रागावू नका. त्याने मायेने केलं. पुढच्या वेळी तो आला की त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवा आणि माउस तुमच्या हातात ठेवा. तो सांगेल, तुम्ही कराल. वेळ दुप्पट लागेल, लागू दे. कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा: काय टाकलं, काय काढलं, कोणत्या तारखेला, आणि निरोप आला तर त्याचे शब्द जसेच्या तसे. 'काहीतरी एरर आली' यावरून कोणालाच काही सांगता येत नाही, मलाही नाही. तुम्ही पत्रात 'फाइल सापडत नाही' हे शब्द नेमके लिहिलेत म्हणून तर मला तो पहाऱ्याचा अंदाज बांधता आला.

वह्यांचं काम मात्र या सगळ्यासाठी थांबवू नका. पहिलं वाक्य टाइप केल्याबरोबर फाइलला नाव देऊन सेव्ह करून बघा, आठ पानं होईपर्यंत थांबू नका. 'डॉक्युमेंट्स'मध्ये अडवलं तर तूर्त पेन ड्राइव्हवर सेव्ह करा आणि दिवसाच्या शेवटी ती फाइल स्वतःलाच ईमेल करा. ऑफलाइन स्कॅनने काही नाव दाखवलं तर त्या नावाचं स्पेलिंग वहीत उतरवून मला कळवा.